दोनदा कापलेली रोपं

उसाचं रोप उपटलं तेव्हा कोकोपीटचा गोळा कपाच्या आकारासकट अख्खा बाहेर आला. मुळं त्याच्याभोवती पांढऱ्या दोऱ्यासारखी गुंडाळली होती. खाली, जिथं ट्रेच्या भोकातून पाणी निथळतं, तिथली काही तपकिरी झाली होती. अक्काताईंनी त्यातलं एक नखानं दाबून पाहिलं. चांगलं मूळ नखाखाली कट्कन तुटतं. हे तुटलं नाही. त्याची साल सरकली आणि आत केसाएवढी तार राहिली. त्यांनी रोप परत खोबणीत बसवलं आणि शेजारचं उपटलं. तेही तसंच निघालं. तिसरं उपटायचं त्यांनी टाळलं.

शेडनेटवर पाऊस पडत होता. जोराचा नव्हता. जोराचा असता तर पडून मोकळा तरी झाला असता. हा बारीक, कामचुकार पाऊस. मध्येच थांबल्यासारखं करायचा, आणि बायका डोक्यावरची पोत्याची खोळ काढून झटकेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा. जाळीतून गाळला जाऊन तो पानांवर बसत होता. पानांची टोकं दोनदा कापलेली होती आणि कापल्या जागी पिवळी रेघ वाळली होती.

"आक्का, तिसऱ्यांदा लावू का कात्री?" चाँदबीनं विचारलं.

चाँदबी रोपवाटिकेवरची सगळ्यात जुनी बाई. तिच्या हातात लोकर कातरायची धनगरी कात्री होती. उसाची रोपं महिन्याभरात लावणीला येतात. शेतकऱ्याचं रान तयार नसेल तर त्यांची पानं निम्म्यावर कापायची, म्हणजे रोप थोडे दिवस दमानं घेतं. एकदा चालतं, दोनदा चालवून घेता येतं. तिसऱ्यांदा मात्र पानाच्या पोटातला कोंबच कात्रीत सापडतो. हे चाँदबीलाही ठाऊक होतं, म्हणून तर ती विचारत होती.

"बघू," अक्काताई म्हणाल्या.

"बघू म्हंजे? कापू का बसू?"

"बस जरा."

"बसून बसून बूड भिजलं की वो," चाँदबी म्हणाली आणि ट्रेच्या कडेला बसलेल्या बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अक्काताईंना हसू आलं नाही. आषाढ निम्मा सरला होता आणि अठरा महिन्यांच्या उसाच्या, आडसाली लागणीचे दिवस हातातून चालले होते.

पलीकडच्या शेडातून आदिती आली. मोबाइल तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता आणि पिशवीवरूनच बोट फिरवत ती चालत होती. आदिती ही अक्काताईंची धाकटी जाऊ. बी.एस्सी. झालेली. जयसिंगपूरला एका माती तपासायच्या प्रयोगशाळेत काही वर्षं नोकरी केली, आणि गेल्या साली ती सोडून रोपवाटिकेत आली. दुसरं शेड तिच्या पैशातून उभं राहिलं होतं.

"आक्का, गुरुवारी उघडीप दाखवतंय."

"गेल्या गुरुवारी बी दाखवत हुतं."

"ते नंतर बदललं."

"मग हे बदलणार न्हाय कशावरनं?"

आदितीनं पिशवीवरचं पाणी पदरानं पुसलं. गेल्या गुरुवारच्या भरवशावर तिनं रोपं उन्हाला लावायची म्हणून दुसऱ्या शेडाची जाळी उघडली होती. ऊन आलं नाही. सरीवर सर आली, आणि कोवळी रोपं झोडपून आडवी झाली. त्यातली निम्मी उठली. न उठलेल्यांचे ट्रे अजून बांधावर पालथे पडले होते आणि येता-जाता दोघी त्यांच्याकडं बघायचं टाळत होत्या.

अक्काताई काही म्हणाल्या नव्हत्या. पण मनात त्यांचा हिशेब पक्का होता: आपण एकदाही ठरवत नाही म्हणून ही पोरगी आपल्यावर धुसफुसते, आणि ही दिवसातून तीनदा ठरवते त्याचं काय?

कुरुंदवाडच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या या रोपवाटिकेची एक रीत होती. ती अक्काताईंच्या मालकांनी, अण्णाप्पांनी घातलेली. इथं ऑर्डरीला विसार घ्यायचा नाही. ज्याला रोपं हवीत त्या शेतकऱ्यानं यायचं, आणि उसाच्या कांडीचा पहिला डोळा आपल्या हातानं ट्रेत लावायचा. बायको आली असेल तर तिनं लावायचा. मग त्या वाफ्याच्या कडेला रोवलेल्या वेळूला एक चिंधी बांधायची. तेवढा वाफा त्या माणसाचा. अण्णाप्पा म्हणायचे, पैसे दिलेला माणूस दावा सांगतो, हात लावलेला माणूस जीव लावतो. अण्णाप्पा जाऊन काही वर्षं झाली. रीत चालूच होती. या हंगामात पहिल्या शेडात एकही वेळू बिनचिंधीचा नव्हता. सगळा वाफा न् वाफा कुणाचा तरी होता आणि न्यायला कुणीही येत नव्हतं.

फोन वाजला. केरबा. नदीकाठचा शेतकरी, आणि रोपवाटिकेचं पहिलं गिऱ्हाईक. अण्णाप्पांनी पहिल्या वर्षी तयार केलेली रोपं यानंच नेली होती.

"आक्काताई, रोपं हाईत न्हवं माझी?"

"हाईत की. रान कसं हाय?"

"रान कसलं, तळं झालंय. सरीत बेडकं वरडाल्यात. उघडीप पडली की आलोच बघा."

"ट्रॅक्टर सांगून ठेवलाय का?"

"सांगतो की. आधी पाऊस तर थांबू दे."

"वैनी काय करायल्यात?"

"ती माहेराला गेलीया. भाचीचं डोहाळजेवण हाय."

"बरं बरं. ठेवतो की मग," अक्काताई म्हणाल्या आणि फोन कमरेला खोचला.

आदिती समोरच उभी होती. "म्हणजे ते आठवडाभर येत नाहीत."

"व्हय. लागणीला बायका गोळा करायचं काम वैनीच करत्यात. त्या माहेराला, ट्रॅक्टर सांगितल्याला न्हाय. कुठला येतोय!"

"तुम्हाला हे कळतंय, तरी ठेवतो म्हणालात?"

"माणूस इचारालाय. तोंडावर न्हाय म्हणायचं?"

आदितीनं ओठ मिटले. तिची ही सवय अक्काताईंना भांडणापेक्षा जड जायची. भांडणारं माणूस निदान बोलतं.

दुपारी दस्तगीर आले. गडहिंग्लजकडचे. तिकडच्या माळरानाच्या शेतकऱ्यांना रोपं पुरवायचा त्यांचा धंदा. याआधी दोनदा थोडी रोपं नेली होती, तेवढीच ओळख. छत्रीचं पाणी दाराबाहेर झटकून, चपला बाहेर काढून ते आत आले आणि कुणी बसा म्हणायच्या आधीच वाफ्याशी उकिडवे बसले. एक रोप उपटलं. मुळं पाहिली.

"कोंडल्यात," ते म्हणाले.

"कोंडल्यात," अक्काताई म्हणाल्या. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"दोनदा कापलासा?"

"दोनदा."

"मग आता थांबायची न्हाईत ही." त्यांनी रोप परत बसवलं आणि भोवतीचं कोकोपीट अंगठ्यानं दाबलं. हे अक्काताईंच्या नजरेतून सुटलं नाही. बरेच जण उपटलेलं रोप तसंच टाकून देतात. "आमचं रान तांबडं, उताराचं. किती बी पडू दे, पाणी पायाखालनं निघून जातंय. लोकं आत्ता लावायल्यात, ह्या पावसात. ही रोपं उद्या मातीत गेली तर जगतील. ह्या शेडातली सगळी द्या. दर कमी पडंल, कापल्याली हाईत म्हणून. पण सगळी उचलतो."

"ही दिल्याली हाईत पावणं. चिंध्या बघा की."

"बघितल्या. मग ती माणसं कवा न्यायल्यात?"

"रान सुकून वाफशावर आलं की."

"वाफसा कवा?"

अक्काताईंनी जाळीवरच्या पावसाकडं बघितलं. "बघू."

"वैनी, बघू म्हंजे व्हय का न्हाय? आमच्याकडं दोनच असत्यात."

चाँदबी खुदकन हसली. "पावणं, हितं तिसरं असतंय," ती म्हणाली आणि मग सगळ्याच हसल्या. आदितीही हसली. अक्काताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चहा झाला. जाताना दस्तगीर म्हणाले, "उद्या दुपारपतोर सांगा. मग मला दुसरीकडं बघाय पायजे. रागावू नका, माझ्याकडनं बी लोकांनी शब्द घेतलाय."

ते गेले आणि आदितीला तोंड फुटलं. "आक्का, देऊन टाका. आठ दिवसांनी फेकून द्यायचीच आहेत."

"आणि चार दिवसात ऊन पडलं तर? नदीकाठची सगळी माणसं दारात उभी ऱ्हातील. काय सांगू त्यास्नी? तुम्ही हात लावल्याली रोपं इकली म्हणून?"

"ऊन पडलं तरी काळ्या रानाला वाफसा यायला वेळ लागतो."

"ते मला सांगतीयास व्हय?"

आदिती चहाचे कप उचलून विसळायला गेली. पाऊस तेवढा बोलत राहिला.

घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत होती. पावसाळ्यात मावळतीचा अंदाज लागत नाही, म्हणून आदितीनं लवकरच पानं घेतली. तिचा नवरा अभिनंदन, अक्काताईंचा दीर, रोपं पोचवायचा टेम्पो चालवायचा. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "वहिनी, उद्या गाडी कुठं न्यायची तेवढं सांगा. गडहिंग्लजला जायचं असलं तर मागचा टायर बदलाय पायजे. हितल्या हितं असलं तर ढकलतो तसंच."

"सकाळी बघू की."

"टायरवाला बघूवर थांबत न्हाय. आज सांगितलं तर सकाळी बसवून देणार."

"मग बसवून घे."

"म्हंजे जायचं?"

"मी तसं कुठं म्हणालो?"

अभिनंदननं घास हातात तसाच धरून बायकोकडं बघितलं. आदितीनं आमटीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं. "एवढं काय मागालोय मी?" तो म्हणाला. "टायर बदलू का नको, हे मागालोय. माझं मीच ठरवलं तर म्हणणार, इचारलं न्हाय."

"दादा, तुला ठाऊक न्हाय," अक्काताई म्हणाल्या. दिराला त्या दादाच म्हणत. "तू कॉलेजात हुतास तवाची गोष्ट. असाच पाऊस. सगळ्या नर्सऱ्यांनी रोपं ओढ्यात टाकली. ह्ये आणि मी थांबलो. लोकं येड्यात काढत हुती. आणि एका सकाळी ऊन पडलं. तालुक्यात रोप हुतं ते आपल्याकडंच. रस्त्यापतोर गाड्या लागल्या. नाव झालं ते त्या साली."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. एरवी आदिती मान डोलवायची. आज ती म्हणाली, "आक्का, त्या एका वर्षावर किती वर्षं काढणार आपण?"

अभिनंदननं खाली बघून ताटातलं मीठ बोटानं चेपलं. अक्काताईंनी घास गिळला. त्या वर्षानंतरही त्या थांबल्या होत्या, एकदा नव्हे, आणि ऊन पडलं नव्हतं. एका वर्षी तर सडलेल्या रोपांचा वास हाताला दिवाळीपर्यंत राहिला होता. पण त्या वर्षी पुढं महापूर आला आणि तालुक्यातलं सगळंच गेलं, तेव्हा आपलं पाण्याच्या आधीच गेलं होतं हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. अक्काताईंनीही ते लक्षात ठेवायचं कारण नव्हतं. आज धाकट्या जावेच्या एका वाक्यानं ते वर्ष पाटावर येऊन बसलं, आणि आमटी बेचव लागायला लागली.

सकाळी बस्तीतून जिनदर्शन घेऊन आल्या आल्या त्या अभिनंदनला म्हणाल्या, "गाडी काढ. केरबादादाच्या रानाकडं जाऊन येऊया."

"टेम्पो?"

"मोटरसायकल. बघून तर येऊ."

"बघायलाच चाललोय म्हणा," अभिनंदन पुटपुटला आणि रेनकोट चढवायला गेला.

डांबरी संपून पाणंद लागली तशी गाडी घसरायला लागली. शेवटच्या वळणावर अक्काताई उतरल्या आणि चालत निघाल्या. रानात पाय टाकला तो घोट्यापर्यंत गेला. दुसरा टाकला, पहिला उपसला, तर चप्पल आत राहिली. वाकून कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ती शोधली. काळी माती बोटांच्या बेचक्यात लोण्यासारखी भरली. पाऊल निघालं तिथं खड्डा पडला होता आणि खड्ड्यात कडेनं पाणी झिरपत होतं. अक्काताई चप्पल हातात घेऊन तिथंच उभ्या राहिल्या आणि खड्ड्याकडं बघत राहिल्या. खड्डा भरला. पाणी काठाशी आलं आणि तिथंच थांबलं. वरचा पाऊस आज थांबला तरी खालचं पाणी जायला जागा नव्हती. नदी वर, रान खाली. ते कुठं जाणार?

"आक्काताई! आवो चिखलात कशाला गेलासा? या हिकडं, गोठ्यात या!" केरबा हातात विळा घेऊन हाका मारत होता.

त्यानं घागरीनं त्यांच्या पायावर पाणी घातलं. पाय धुताना अक्काताईंची नजर गोठ्याच्या आत गेली. म्हशीच्या पलीकडं, पत्र्याखाली, काळे ट्रे एकावर एक आडवे-उभे रचले होते. आत उसाची रोपं होती. हिरवी, एकदाही न कापलेली. ट्रे आपले नव्हते.

"ही कुणाची?"

"ही व्हय?" केरबानं जराही न चपापता सांगितलं. "हायवेवर नवी नर्सरी झालीया न्हवं, त्येंची. आधी विसार घेतलावता त्येंनी. काल फोन आला, न्यायला या, न्हायतर विसार गेला. मग काय करतो? आणून टाकली."

"तिथं बी डोळा लावलासा?"

"तिथं कसला डोळा! तिथं पावती असती." तो हसला. "चहा ठेवू का?"

"आणि माझी?"

"तुमची ठेवा की. ही हितं सावलीत पिवळी पडतील. मेली तर तुमचीच लागणार."

"आणि न्हाय मेली तर?"

"बघू की तवा," केरबा म्हणाला. "तुमचं काय, घरचंच हाय."

अक्काताईंनी रागानं चप्पल दगडावर आपटून तिचा चिखल झाडला. काय म्हणायचं या माणसाला? पाऊस कधी थांबेल त्याला ठाऊक नाही, रोपं जगतील का ठाऊक नाही. म्हणून त्यानं दोन्हीकडं हात ठेवला. जिथं पैसे अडकले तिथलं उचललं, जिथं नुसता शब्द होता ते ठेवलं. आपण काय वेगळं करत होतो? नदीकाठच्या डझनभर माणसांना एकाच तोंडानं ठेवतो म्हणालो, आणि दस्तगीरला बघू म्हणालो, तेव्हा आपणही दोन्हीकडं हात ठेवूनच बसलो होतो. फक्त केरबाची रोपं सावलीत होती आणि आपली वाढत होती.

त्यांनी चहा घेतला. केरबानं साखर सढळ घातली होती. "रागावलासा काय?" त्यानं विचारलं.

"न्हाय बा."

"न्हाय, गप हाईसा म्हणून इचारलं. शेतकऱ्यानं करायचं काय आक्काताई, तुम्हीच सांगा."

अक्काताईंनी कपबशी खाली ठेवली आणि त्या उठल्या.

परतताना अभिनंदननं मान मागं वळवून विचारलं, "काय म्हणाले?"

"चहा पाजला."

"ते दिसलं. रोपांचं काय?"

"पुढं बघून चालव."

रोपवाटिकेत शिरल्या शिरल्या चाँदबीचा आवाज आला. "मी काय हात गहाण टाकलाय काय? एकजण म्हणती बघू, एकजण म्हणती थांब. सकाळपास्नं एक पान कापलं न्हाय. फुकटची हजेरी लावून घेऊ?"

"मी थांब म्हणालो न्हवतो, बस म्हणालो हुतो," अक्काताई म्हणाल्या.

"ते आमच्यासाठी एकच की!"

आदिती वाफ्यात गुडघ्यावर बसली होती. तिनं एक रोप उभं चिरून पानाच्या घडीतला कोंब उघडा केला होता आणि तळहातावर धरला होता. बोटाच्या पेराएवढा, पांढुरका. "हे बघा आक्का, कोंब इथवर चढलाय. आता कात्री लावली की हाच जाणार. चाँदबीला तेवढंच सांगितलं."

अक्काताईंनी बघितलं. आदितीच्या तळहाताला चिखल होता, नखं काळी होती. प्रयोगशाळेतून आली तेव्हा हिचे हात कसे होते ते त्यांना आठवलं, आणि उगाचच वाईट वाटलं. बोलणार तेवढ्यात चाँदबी म्हणाली, "आरं, हे काय?"

जाळीवरचा आवाज थांबला होता. थांबला होता तो थांबलाच. मग पश्चिमेकडून उजेड सरकत आला, शेडच्या निम्म्या भागावर पडला, पानांवरचं पाणी चमकलं आणि ओल्या जमिनीतून वाफ उठली. बायका खोळी टाकून बाहेर धावल्या. रस्त्यावर कुणीतरी शिट्टी मारली. "पडलं बाई एकदाचं!" एकजण ओरडली. आणि जणू उन्हाला तार जोडलेली असावी तसा अक्काताईंचा फोन वाजायला लागला. नदीकाठचा एकजण. त्यांनी तो उचलला नाही. वाजून थांबला, लगेच दुसऱ्याचा आला. तोही वाजू दिला.

आदितीनं पिशवीतून मोबाइल काढला होता. तिचा चेहरा उजळला. "आक्का, एक दिवस आधीच आलं. आता सलग कोरडं दाखवतंय. थांबूया का?"

अक्काताई तिच्याकडं बघतच राहिल्या. "काय म्हणालीस?"

"म्हणजे... चार दिवस काढले, तर सगळ्यांची रोपं ज्याची त्याला देता येतील. चांगल्या दरानं. तुमचाही शब्द राहील."

"काल देऊन टाका म्हणालीस."

"काल ऊन नव्हतं."

"आणि कोंब? हातात धरून दाखवलास की मघाशी. त्येला काय ऊन दिसतंय व्हय?"

आदिती गोंधळली. तळहातावरचा कोंब तिनं अजून टाकला नव्हता. दारातून अभिनंदन ओरडला, "वहिनी, टायरवाला इचारालाय! आणि त्या दस्तगीरभाईंचा मला फोन आलाय. काय सांगू?"

"थांबा म्हणावं जरा!"

"कुणाला? टायरवाल्याला का दस्तगीरभाईला?"

"दोघास्नी!" अक्काताई ओरडल्या, आणि आपला आवाज एवढा चढलेला त्यांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. बायका वळून बघायला लागल्या. ऊन तेवढं पडत होतं, बेफिकीर, जणू रोजच पडत असल्यासारखं. ओला पदर पाठीला चिकटला होता. डाव्या पायाच्या बोटांत काळी माती अजून होती. केरबानं घातलेल्या पाण्यानं ती गेली नव्हती. चार दिवसांनी काय होईल ते त्यांना या क्षणी कळत नव्हतं. कदाचित रस्त्यापर्यंत गाड्या लागतील आणि आपल्याकडं द्यायला पानही नसेल. लोक म्हणतील, अण्णाप्पा असता तर असं झालं नसतं. मग पुढच्या साली डोळा लावायला येतील का नाही, कोण जाणे. कदाचित असं काहीच होणार नाही. दोन्हीतलं कुठलं, हे सांगणारं कुणी या शेडात नव्हतं, फोनच्या आतही नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी नाव केरबाचं होतं. अक्काताईंनी उचलला. हात ओला असल्यानं बोट कुठंतरी लागलं आणि त्याचा आवाज सगळ्या शेडभर झाला.

"आक्काताई! ऊन बघितलासा का? तुम्ही गेलासा आणि पडलं बघा! ठेवा हां माझी रोपं, कुणाला देऊ नका. परवा न्हायतर तेरवा, गाडी घेऊन येतोच."

सगळे बघत होते. चाँदबीनं कात्री मांडीवर आडवी ठेवली. अक्काताईंची जीभ नेहमीच्या जागी, नेहमीचा शब्द उच्चारायला टाळ्याला लागली, आणि तिथंच राहिली. पलीकडून केरबा म्हणाला, "ऐकू येतंय न्हवं? हॅलो?"

"येतंय केरबादादा," अक्काताई म्हणाल्या. "तुमची रोपं मी ठेवत न्हाय. तुमची बी न्हाय आणि कुणाचीच न्हाय. ह्या शेडातली सगळी रोपं मी आजच्या आज गडहिंग्लजला धाडतोय."